तोंडावर बोट, कुठल्या हाताचं?

बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या सरकारी मराठी शाळेत तुमची नेमणूक झाली म्हणता? अभिनंदन. कायम असा नाहीतर अतिथी शिक्षक, पोरांना त्यातला फरक कळत नाही. डी.एड.ला पाठ केलेल्या बालमानसशास्त्राच्या नोट्स पेटीच्या तळाशी घाला आणि वर छत्री ठेवा. पहिल्या आठवड्यात छत्रीच लागते. मृगाचा पाऊस कौलांवर कोसळायला लागला की तुमचा आवाज पहिल्या रांगेपर्यंतसुद्धा जात नाही, त्यामुळे वर्गावर ताबा आहे की नाही हा प्रश्नच उरत नाही.

पाऊस थांबला की मात्र कामाला लागा. "गप बसा!" हे दिवसातून शंभरदा तरी म्हणा. पोरांना ते फार आवडतं. तुम्ही ओरडत असता तेवढा वेळ त्यांना तुमच्या आवाजाच्या आडोशाला निवांत बोलता येतं.

त्यानेही भागलं नाही तर आपल्या पूर्वजांचं अस्त्र काढा: हाताची घडी, तोंडावर बोट. मी तेच केलं. सगळा वर्ग पुतळ्यासारखा झाला. मग तिसरीतली एक पोरगी उठली. "सर, दोन्ही हातांची घडी घाटली. आता बोट कुठल्या हाताचं?" असल्या प्रश्नाला उत्तर देऊ नये. मी द्यायला गेलो. वर्गासमोर उभा राहून घडी घातली, बोटासाठी उजवा हात सोडवला तर घडी मोडली, परत घातली तर बोट आत अडकलं. पुढची पाच मिनिटं शिस्तीचं काय झालं ते विचारू नका.

म्हणून मॉनिटर नेमा. सर्वात दंगेखोर पोरगा निवडा, म्हणजे निदान एकाचा आवाज तरी सरकारी कामात येईल. तुम्ही ऑफिसात माहिती भरायला गेलात की तो फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहील आणि नावापुढे फुल्या मारील. या फुल्यांचा एक बाजार असतो, तो समजून घ्या. माझ्या वर्गात एका आवळ्याला एक फुली पुसली जायची आणि मूठभर करवंदांना अख्खं नाव. पेन्सिलीचा तुकडा दिला तर शत्रूच्या नावापुढे दोन फुल्या वाढायच्या. एका पोराच्या नावापुढे मी स्वतः नऊ फुल्या मोजल्या. त्याला उभं करायला गेलो तर तो वर्गातच नव्हता. तीन दिवसांपूर्वीच मामाच्या गावच्या यात्रेला गेला होता. एवढ्या लांबून बोलणारं पोर मी दुसरं पाहिलं नाही.

छडीचं म्हणाल तर शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने मारायला बंदी आहे आणि मानसिक छळालाही. तेव्हा छडी नकाशा दाखवायला ठेवा. आमच्याकडे भूगोल नसलेल्या तासालाही नकाशा दाखवतात. स्टाफरूममध्ये एखादे जुने गुरुजी सांगतील, "आम्ही मार खाऊनच शिकलो." काय शिकलात, असं नव्या माणसाने विचारू नये.

"दूध मिळणार नाही" अशी धमकीही देऊ नका. २०१३ पासून क्षीरभाग्य योजनेचं दूध शाळेत मिळतं, पण ते पावडरीचं. धमकी ऐकून निम्मा वर्ग खूश होतो.

पहिली ते तिसरी तुमच्याकडे असेल तर नलिकली ही शिकवायची पद्धत आलीच. १९९५ साली म्हैसूरकडच्या एच. डी. कोटे तालुक्यात कुणाच्या तरी डोक्यात आलं की तिन्ही इयत्तांची पोरं एकत्र, गटागटाने खाली बसावीत, कार्डं घेऊन एकमेकांशी बोलत आपापल्या गतीने शिकावीत. बोलत! आता शाळा बघायला येणारे सीआरपी साहेब दाराशी येतील तेव्हा हे त्यांना कसं समजावणार? म्हणून खिडकीपाशी एक चुणचुणीत पोर बसवा. माझ्याकडे एकदा चिंचोके वाटून वजाबाकी चालली होती. तेरातून पाच गेले तर आठ की सात, यावरून दोन पोरी हमरीतुमरीवर आलेल्या. एकीने चिंचोके परत मोजायला पसरले, तेवढ्यात खिडकीतून "गाडी आली!" ऐकू आलं. चिंचोके दप्तरात, बोटं तोंडावर. साहेबांनी वहीत लिहिलं: शिस्त उत्तम. आठ की सात ते राहूनच गेलं.

राहता राहिली सुत्तोले. सुत्तोले म्हणजे परिपत्रक. ती मोबाईलवर कन्नडमध्ये येते आणि लगेच कळवायची असते. माझं कन्नड अजून अक्षरं जुळवण्यातलं. सातवीत उभा राहून मी तिसऱ्या शब्दाला अडखळलो, तर मागच्या बाकावरून, फळ्यावर ज्याचं नाव कायम असतं त्या पोराने तो शब्द सांगितला. त्याच्या बापाची स्टँडजवळ चहाची टपरी आहे, सुट्टीला तो तिथेच असतो. मी मोबाईल त्याच्या हातात दिला. जेवणाआधी हात धुण्याची सुत्तोले, पण त्याने ती साहेबाच्या आवाजात एक ओळ कन्नडमध्ये आणि एक ओळ आपल्या मराठीत अशी वाचली. "आणि नखं वाढवलेली दिसली तर खैर नाही, होय की नाही सर?" हे सुत्तोलेत नव्हतं. वर्गात चिडीचूप. कुणाची घडी नाही की कुणाचं बोट नाही.

हा प्रकार वाढू देऊ नका. दुसऱ्या दिवशी पोरंच विचारायला लागली, आज सुत्तोले नाही का म्हणून. होती. मी मोबाईल दिला आणि मागे त्याच्याच बाकावर जाऊन बसलो. मध्येच एक शब्द कळला म्हणून शेजारच्या पोराला काहीतरी सांगायला गेलो, तर त्याने माझ्याकडे न बघताच कोपर मारलं.

"गप बसा की सर, ऐकू येईना झालंय."