पाण्याच्या पोटातला महाल आणि माशाच्या आकाराचे कार्यालय

हैदराबादमध्ये राष्ट्रीय मत्स्यविकास मंडळाचे कार्यालय माशाच्या आकाराचे आहे. 2012 साली ते उभे राहिले, आणि त्याचे छायाचित्र तेव्हापासून दर काही महिन्यांनी कोणी ना कोणी मला पाठवत असते. अमेरिकेतील ओहायो राज्यात टोपल्या विकणाऱ्या एका कंपनीने 1997 मध्ये आपले मुख्यालयच सात मजली टोपलीसारखे बांधले आणि त्यावर टोपलीचे दोन कानही बसवले. अशा छायाचित्रांखाली 'काय भन्नाट डिझाइन आहे' असे लिहिलेले असते. मला ती पाहून गंमत वाटते, यात शंका नाही. पण माझ्या मते या इमारती म्हणजे दुकानावरच्या मोठ्या पाट्या आहेत. आत काय चालते हे त्या बाहेरून सांगतात आणि तेथेच त्यांचे काम संपते. मासा काढून तेथे कासव ठेवले, तरी आत बसणाऱ्या माणसाच्या दिवसात काही फरक पडणार नाही.

जगावेगळ्या रचनेकडे पाहण्याचा माझा निकष थोडा निराळा आहे. तिचा वेगळेपणा एखाद्या खऱ्याखुऱ्या अडचणीतून आलेला असला, तरच ती मला जास्त वेळ थांबवून ठेवते. आपल्या मराठवाड्यात पाण्याची अडचण पिढ्यान्‌पिढ्या मुक्कामाला असल्यामुळे असेल, पण इथल्या सर्वांत विलक्षण रचना पाण्याभोवतीच सापडतात.

नळदुर्गचा पाणीमहाल हे त्यातले सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, किल्ल्याच्या कडेने बोरी नदीवर धरणासारखा बांध घातला गेला. अडवलेल्या पाण्याने किल्ल्याची तहानही भागत होती आणि एक बाजूही सुरक्षित होत होती. पाणी वाढल्यावर ते काढून देण्यासाठी वाट ठेवावीच लागते. तशा ठेवलेल्या दोन सांडव्यांना लोक आजही नर आणि मादी म्हणतात. येथपर्यंत ही चांगल्या स्थापत्याची गोष्ट झाली. पण बांधणाऱ्याने त्याच भिंतीच्या पोटात खोल्या काढल्या आणि त्यांच्या खिडक्या कोसळणाऱ्या पाण्याच्या बाजूला उघडल्या, त्यामुळे पावसाळ्यात बोरी भरून वाहू लागली की आत बसलेला माणूस कोरडा राहून धबधबा मागच्या बाजूने पाहू शकतो. हा महाल गरजेचा नव्हता, ती राजाची हौसच होती, हे मान्य केले पाहिजे. मात्र ती हौस एका आवश्यक बांधकामाच्या अंगावर वाढलेली आहे आणि तिने त्या बांधकामाचे काम कुठेही बिघडवलेले नाही. हौसेला माझा विरोध नाही. तिने कामाच्या वाटेत येऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत हेच आणखी काटकसरीने साधले आहे. शहराबाहेरच्या डोंगराकडून जमिनीखालच्या नळांनी आणलेले पाणी एका उंच भिंतीवर चढवले जाते, आणि तेही पंपाविना, केवळ उगमाच्या उंचीमुळे मिळणाऱ्या दाबाच्या जोरावर. तिथून पडणारे पाणी जमिनीखाली आडव्या बसवलेल्या चाकाच्या पात्यांवर आदळते आणि वरचे जाते फिरते. पाणचक्कीच्या आवारातल्या दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी आणि यात्रेकरूंसाठी त्यावर दळण होत असे. पर्यटक जाते पाहतात, समोरच्या मोठ्या हौदाची छायाचित्रे काढतात आणि परत जातात. त्या हौदाचा तळ म्हणजे खालच्या एका प्रशस्त दालनाचे छत आहे, हे त्यांतल्या फार थोड्यांच्या लक्षात येते. डोक्यावर पाणी साठवले की खालची जागा उन्हाळ्यात थंड राहते. एकाच पाण्याने पीठ दळावे, अंगणाची शोभा वाढवावी आणि खालच्या माणसाला गारवा द्यावा, असा विचार ज्याला सुचला त्याला मी मनापासून मानतो.

बीडची खजाना विहीर दिसायला या दोन्हींच्या पासंगालाही पुरत नाही. निजामशाहीतील जहागीरदार सलाबत खान याच्या काळात, सोळाव्या शतकात, राजा भास्कर या स्थापत्यकाराने ती बांधली. विहिरीत पाणी आणणारी आणि विहिरीतून पाणी नेणारी भुयारे आहेत, आणि त्यांचा उतार असा धरला आहे की पाणी उपसावे लागत नाही, ते आपल्या पायांनी शेतापर्यंत चालत जाते. छायाचित्रात यातले काहीच येत नाही, म्हणून समाजमाध्यमांवर या विहिरीला फारसे कौतुक मिळत नसावे. परभणी जिल्ह्यातल्या वालूरच्या बारवेला ते मिळाले, कारण तिच्या पायऱ्या गोल फिरत खाली उतरतात आणि वरून पाहिले तर चक्र दिसते. ती बारव सुंदर आहेच. पण पाणी कितीही खाली गेले तरी घागर घेऊन उतरणाऱ्या माणसाला पायरी मिळाली पाहिजे, या साध्या गरजेतून सगळ्याच बारवांचा आकार ठरला आहे, हे चक्राच्या नादात विसरले जाऊ नये.

या सगळ्या रचनांना राजाश्रय होता, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून ज्या वस्तूचा कर्ता कोणालाच माहीत नाही, त्या मोटेकडे येतो. तरुण मित्रांनी ती केवळ चित्रात पाहिली असेल, त्यामुळे थोडे सविस्तर सांगतो. मोट म्हणजे चामड्याची मोठी पिशवी. वर रुंद तोंड आणि खाली लांब सोंड. तोंडाला जाड नाडा बांधलेला असतो, तो वरच्या चाकावरून जातो. सोंडेच्या टोकाला बारीक सोंदूर बांधलेला असतो, तो खाली थारोळ्याच्या, म्हणजे मोटेचे पाणी पडते त्या विहिरीकाठच्या कुंडाच्या, काठावर बसवलेल्या फिरत्या लाकडावरून जातो. दोन्ही दोर एकाच जुवाला जोडलेले असतात. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपासून खाली जाणाऱ्या उतरत्या वाटेवरून, चालू लागले की मोट वर येते. येताना सोंड दुमडून मोटेच्या तोंडाच्या बरोबरीला धरलेली राहते, म्हणून पाणी सांडत नाही. मोट काठाशी पोचली की सोंडेची वाट थारोळ्याकडे वळते, मोट मात्र आणखी थोडी वर चढत राहते, आणि सगळे पाणी सोंडेतून आपोआप ओतले जाते. विहिरीच्या काठावर मोट रिकामी करायला दुसरा माणूस लागत नाही. सगळी किमया सोंदुराच्या लांबीत आहे. तो वीतभर चुकला तर पाणी वाटेतच सांडेल किंवा वर येऊनही ओतले जाणार नाही. उतारामुळे बैलांचे स्वतःचे वजन ओढीला मदत करते, आणि मोटकरी नाड्यावर बसून त्यात आपल्या वजनाची भर घालतो. चामडे, दोर आणि लाकूड एवढ्याच सामग्रीतून असे स्वतः रिकामे होणारे यंत्र उभे करणाऱ्यांची नावे कुठल्याही शिलालेखात नाहीत. संग्रहालयात ठेवलेल्या मोटा मी पाहिल्या आहेत. त्या बहुधा भिंतीला टांगलेल्या असतात, सोंदुराशिवाय, त्यामुळे ही वस्तू काम कशी करत होती याचा पत्ताच लागत नाही.

अडचण सोडवते ती चांगली रचना, असे म्हणून मी थांबलो असतो, पण दौलताबादचा किल्ला तसे म्हणू देत नाही. तेथे प्रत्येक गोष्ट वापरणाऱ्याची गैरसोय व्हावी म्हणूनच केली आहे. डोंगराचा कडा तासून उभा सरळ केला आहे, दरवाजे एकमेकांसमोर न ठेवता वळणावर ठेवले आहेत की धडक देणाऱ्या हत्तीला वेग घेता येऊ नये, आणि अंधारी नावाच्या काळोख्या भुयारी वाटेत शिरलेल्या माणसाला दिशाच कळू नये अशी वळणे आहेत. चुकीच्या उजेडाकडे धावलेला शत्रू थेट खंदकात कोसळत असे, असे तिथले गाइड रंगवून सांगतात. अथेन्सची कतेरिना कामप्रानी ही वास्तुरचनाकार हल्ली मुद्दाम गैरसोयीच्या वस्तू तयार करते. झाडांना पाणी घालायच्या तिच्या झारीची चोच झारीकडेच वळलेली असते आणि तिचे पावसाळी बूट पुढून उघडे असतात. तिच्या वस्तू पाहून हसू येते, आणि हसता हसता चांगल्या झारीने आपल्यासाठी आजवर काय काय केले आहे ते कळते. दौलताबादमध्ये हसू येत नाही, घाम येतो. दोन्हींकडे माणसाचे शरीर कसे चालते, कुठे वळते, कशाला फसते याचा बारकाईने अभ्यास आहे, आणि माशाच्या इमारतीत मला नेमका तोच सापडत नाही.

दुसरी अडचण वेरूळची. कैलासाबद्दल सगळेच लिहितात, म्हणून मी ते सोडतो आणि दहाव्या लेण्याकडे वळतो. या विश्वकर्मा लेण्याला लोक 'सुतार की झोपडी' म्हणतात, कारण त्याच्या कमानदार छताला ओळीने वासे आहेत. ते वासे दगडाचे, मूळ खडकातच कोरलेले आहेत आणि त्यांच्यावर कसलाही भार नाही. छत म्हणजे अखंड डोंगर, त्याला वाशांचा आधार कशाला लागेल? जुन्या लाकडी चैत्यगृहांची आठवण म्हणून कारागिरांनी अपार कष्टाने ते कोरले. माझ्या निकषाने हे निरुपयोगी ठरायला हवे, आणि तरीही त्या छताखाली उभे राहिल्यावर मला निकष बाजूला ठेवावासा वाटतो. लाकूड कसे जोडतात हे पुरते जाणणाऱ्या हातांनी ते कोरले आहे, हे प्रत्येक वाशात दिसते. हा भाग मी येथे अर्धवटच सोडतो, कारण माझ्याकडे त्याचे पूर्ण उत्तर नाही.

आता घरांविषयी, कारण हे सगळे लिहिण्याचे खरे कारण घरे आहेत. आमच्याकडची माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छपराची, घरे उन्हाळ्यात गार का राहत, हे जाड भिंती आणि छपरावरची पांढरी माती पाहून कोणालाही कळेल. उजेडासाठी माळवदाला सानं, म्हणजे झरोका, ठेवलेले असे, भिंतीच्या जाडीत कोनाडे आणि धान्य साठवायचे बळद बसवलेले असे. परंतु या घरांचे गोडवे गाताना 30 सप्टेंबर 1993 ची पहाट विसरणे लातूर-धाराशिवच्या माणसाला शक्य नाही. किल्लारीच्या त्या भूकंपात सुमारे 10 हजार माणसे गेली, आणि त्यांतली बहुतेक आपल्याच घराच्या दगडमातीखाली. मातीत रचलेल्या दगडी भिंतींच्या आतल्या आणि बाहेरच्या थरांना एकमेकांत गुंतवणारे दगड नव्हते, आणि गळती थांबवण्यासाठी वर्षानुवर्षे थर चढवून माळवदे जड झाली होती. जिथे छताचा भार लाकडी खांबांच्या सांगाड्यावर होता, तिथे भिंती ढासळूनही छत उभे राहिल्याची उदाहरणे नंतर अभ्यासकांनी नोंदवली. म्हणजे जुन्या रचनेतच एक शहाणपण होते आणि ते पुढच्या बांधकामांत पातळ होत गेले. जुने ते सगळे सोने, हे म्हणणाऱ्यांना मी नेहमी किल्लारीची आठवण देतो.

त्यानंतर जे आले तेही मला समाधान देत नाही. पुनर्वसित गावांत सरळ रेषांत, रुंद रस्त्यांवर घरे बांधली गेली, आणि गोठा, चूल, कडबा, ओसरी यांची सोय लोकांनी हळूहळू पत्रे टाकून स्वतःच करून घेतली. आज लातूर असो की संभाजीनगर, नवा बंगला बांधताना पहिला प्रश्न 'एलिव्हेशन', म्हणजे घराचा दर्शनी भाग, 'कसे करायचे' हा असतो. पश्चिमेला दोन मजल्यांएवढी काच, तिच्या कडेने एसीपी शीट, म्हणजे ॲल्युमिनियमचे चकचकीत पत्रे, वर जहाजाच्या टोकासारखा पुढे आलेला कठडा. मे महिन्यात पारा 42 अंशांच्या वर गेला की त्या काचेमागे जाड पडदे येतात, पडद्यामागे दिवसा दिवे लागतात आणि एसी रात्रंदिवस चालतो. वेगळेपणासाठी पैसे मोजले, आणि शेवटी त्या वेगळेपणापासून वाचण्यासाठीही मोजले. ज्या तेर गावात भाताचे तूस मिसळून, पाण्यावर तरंगतील इतक्या हलक्या विटा शतकांपूर्वी भाजल्या जात होत्या, त्या प्रदेशात हलके आणि थंड छत कसे करावे हा प्रश्न अवघड का वाटावा, हे मला उमगत नाही. आमच्या तरुण वास्तुरचनाकारांना हे येत नाही असे मी म्हणणार नाही. त्यांच्याकडे कोणी ते मागत नाही, आणि मागितले तर त्याचे चित्र दाखवण्यासारखे नसते.

मागणी असते तिथे काय होते, ते सायकल कोळप्यात, म्हणजे पिकांच्या ओळींतले तण काढायच्या हातअवजारात, पाहावे. जुन्या सायकलचे पुढचे चाक, हँडल आणि त्यामागे कोळप्याची पास, म्हणजे तण कापणारे पाते, एवढेच ते यंत्र. बैल परवडत नाहीत, ट्रॅक्टर उभ्या पिकाच्या दोन ओळींत शिरत नाही, आणि खुरप्याने बसून निंदणीला मजूर मिळत नाहीत, अशा तिहेरी कोंडीतून ते निघाले. चाकामुळे भार जमिनीवर पडतो, हँडलमुळे पाठ सरळ राहते, आणि पास बदलली की तेच अवजार सोयाबीनमध्येही चालते आणि कपाशीतही. गावातला वेल्डिंगवाला ते बनवून देतो आणि वापरणाऱ्याची उंची पाहून हँडल वर-खाली जोडतो, हे मी एका दुकानात उभे राहून पाहिले आहे. त्याला एलिव्हेशन नाही. रंगसुद्धा बहुधा मूळ सायकलचाच असतो.