फुटपाथवर मैत्रीची सक्ती नको

सकाळपासून डोकं फिरलंय. म्हटलं शांत झाल्यावर लिहावं, पण शांत व्हायचं काही लक्षण दिसेना, म्हणून आत्ताच लिहून टाकते. पोस्ट लांब होणार आहे.

मी आणि माझी लेक फुटपाथवरून चाललो होतो. ती तीन वर्षांची आहे, त्यामुळे वेगाबद्दल लहान मुलं असलेल्यांना सांगायला नको. प्रत्येक पान उचलायचं, प्रत्येक खड्ड्यात वाकून बघायचं. समोरून एक लॅब्रडॉर आला. आधी तो आला, मालक मागून बऱ्याच अंतरावर. पट्टा होता, नाही असं नाही. पण तो बटण दाबलं की सुटत जाणारा, पाच मीटरपर्यंत लांब होणारा. एका हातात त्या पट्ट्याची मूठ, दुसऱ्या हातानं फोन कानाला. कुत्रा सरळ माझ्या मुलीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला.

तिनं माझी बाही धरली. इतकी घट्ट पिळली की शिवण उसवली. खांदे कानापर्यंत वर, हनुवटी आत, आणि आवाज एकदम बंद. मूल रडलं की चार माणसं धावतात. मूल गोठून उभं राहिलं की लोकांना वाटतं, किती शहाणी आहे, अजिबात घाबरली नाही. मी म्हटलं, "जरा मागे घ्या त्याला." तर ते हसत हसत म्हणाले, "अहो, काही करत नाही तो! लहान मुलांवर फार जीव आहे त्याचा. लाव बेटा, हात लाव." आणि कुत्र्याला मागून हलकेच पुढे ढकललं. मी मागे घ्या म्हणतेय आणि हा माणूस पुढे ढकलतोय!

मला सगळ्यात जास्त कशाचा राग आला सांगू? त्या कुत्र्यालाही ते नको होतं. त्यानं मान बाजूला वळवली होती. कान मागे, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसत होतं, आणि जीभ दोनदा नाकावरून फिरली. ज्यांच्या घरात कुत्रा वाढलाय त्यांना हे वाचता येतं. आमच्याकडे वाघ्या होता, मी त्याच्याच सोबतीनं मोठी झाले. समोर खायला काही नसताना जीभ फिरवणं, झोप आलेली नसताना जांभई देणं, तोंड फिरवून घेणं, अंग ताठ करणं, हे सगळं कुत्रा सांगत असतो की मला जरा जागा द्या. ते कुणी ऐकलं नाही की तो गुरगुरतो. गुरगुरला म्हणून ओरडा खाल्ला की पुढच्या वेळी गुरगुरण्याची पायरीच गाळतो. मग लोक म्हणतात, अचानक चावला हो, कधी असं करत नाही.

म्हणजे त्या फुटपाथवर माझी मुलगी नको म्हणत होती, तो बिचारा लॅब्रडॉर नको म्हणत होता, मी तर तोंडानं स्पष्ट म्हणत होते. आणि ज्याच्या हातात पट्टा होता त्याला तेवढी भेट घडवून आणायची होती.

त्यात बाजूनं जाणाऱ्या एक बाई थांबल्या. मला म्हणतात, "काही झालं तर नाही ना? अशानंच मुलं भित्री होतात." अहो बाई, काही झालं नाही हे तुम्हाला दोन मिनिटांनी कळलं. मला ते त्या क्षणी माहीत नव्हतं, आणि माझ्या मुलीला तर नव्हतंच. लॅब्रडॉरचं वजन धरा तीस किलोच्या आसपास. हिचं चौदा. तिच्या दुप्पट वजनाचा प्राणी, तोंड बरोबर तिच्या तोंडासमोर. तुमच्यापुढे तुमच्या दुप्पट वजनाचं, दात असलेलं, ओळख नसलेलं काहीतरी आणून उभं करते आणि सांगते, हात लावा, काही करत नाही. लावाल? मोठ्या माणसाला कुत्रा चावला तर बहुतेक वेळा हातापायाला चावतो. लहान मुलांना चावतो तो चेहऱ्यावर, डोक्यावर, मानेवर, कारण त्याच्या तोंडाच्या उंचीवर त्यांचं तेच येतं. आणि चावा कशाला, नखाचा ओरखडा आला, रक्त दिसलं, तरी साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि डॉक्टरकडे पळायचं. हे सगळं एका आईच्या डोक्यात अर्ध्या सेकंदात येऊन जातं. त्याला भित्रेपणा म्हणणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार, आणि कृपया माझ्या वाटेला जाऊ नका.

मला म्हणायचंय ते एवढंच आहे. फुटपाथ हा इकडून तिकडे जाण्यासाठी आहे. तिथे कुणाच्या कुत्र्याची आणि कुणाच्या मुलाची ओळख व्हायलाच हवी असं कुठेही ठरलेलं नाही. आपण अनोळखी माणसांच्या इतक्या जवळून रोज जातो, कुणाच्या खांद्यावर हात ठेवून "घाबरू नका, मी काही करत नाही" म्हणतो का? मग मूल आणि कुत्रा समोरासमोर आले की सगळ्यांना एवढा भरतमिलापाचा उत्साह का येतो? बाजूनं निघून जा ना. पट्टा आवरा, कुत्र्याला आपल्या दुसऱ्या बाजूला घ्या, म्हणजे मधे तुम्ही असाल, आणि चालू लागा. जागा अरुंद असेल तर एखाद्या फाटकापाशी क्षणभर थांबा. बाबागाडी घेऊन फुटपाथच्या कडेवरून रहदारीत उतरता येत नाही, कुत्र्याला घेऊन दोन पावलं मागे मात्र सरता येतं.

आणि तो सुटणारा पट्टा. मोकळ्या मैदानात वापरा, माझं काही म्हणणं नाही. फुटपाथवर पाच मीटर लांब सोडलेला कुत्रा आणि पट्टाच नसलेला कुत्रा यात समोरच्याला काय फरक पडतो? शिवाय ती बारीक दोरी बाबागाडीच्या चाकात, मुलांच्या पायात अडकते, ओढली गेली की कातडी सोलवटते. दीड मीटरचा साधा पट्टा मिळतो. तो हातात सैल धरला की कुत्राही निवांत चालतो. ताणून धरला तर मालक घाबरलाय, काहीतरी आहे, असं त्यालाही वाटतं. हे कुत्रा पाळणाऱ्यांना मी सांगावं लागावं?

शीबद्दल लिहिणार नव्हते, पण आता राहवत नाही. रोज त्याच झाडाच्या बुंध्याशी, रोज. "झाडाला खत आहे" म्हणतात. खत नाहीये ते! कुत्र्याच्या पोटात जंत असले तर त्यांची अंडी शीतून पडतात. ताजी असताना ती बाधत नाहीत, पिकायला दोन-चार आठवडे लागतात. पण एकदा पिकली की मातीत महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं टिकून राहतात. शी दिसेनाशी होते, अंडी तिथेच. आणि तीन वर्षांची मुलं त्याच मातीतलं पान उचलून तोच हात तोंडात घालतात. क्वचित का होईना, त्या अळ्या डोळ्यापर्यंत जाऊन नजर अधू झालेली मुलं आहेत. म्हणून त्याच वेळी, तिथल्या तिथे उचलायची. खिशात एक पिशवी ठेवायला कितीसं ओझं होतं?

बरं. पाणी पिऊन आले.

आता काही जण लिहिणारच, मग आईबापांचं काय. हो, मान्य आहे, आमच्यातलेही काही कमी नाहीत. झोप नाहीतर भू भू येईल म्हणून रात्री घाबरवायचं आणि सकाळी तोच भू भू दिसला की जा, गालगुच्चा घे म्हणून पुढे ढकलायचं. मुलं किंचाळत सायकल घेऊन कुत्र्याच्या अंगावर जातात आणि आईबाप कौतुकानं व्हिडिओ काढतात. विचारायची तर पद्धतच नाही. मागून येऊन शेपटी धरली, कान ओढला. त्या कुत्र्याचं वय झालेलं असेल, सांधे दुखत असतील, टाके असतील, कुणीतरी मारून टाकून दिलेला नुकताच घरी आणलेला असेल. काही ठिकाणी अशा कुत्र्यांच्या पट्ट्याला पिवळी फीत बांधतात, म्हणजे लांबून जा. पण फीत नसली म्हणून हात लावायचा परवाना मिळत नाही. मालकाला विचारायचं, मालक हो म्हणाला तरी कुत्र्याला विचारायचं. मूठ बंद करून बाजूला उभं राहायचं, त्याला यायचं तर तो येईल. नाही आला तर आपण पुढे. वाघ्याच्या बाबतीत घरात सक्त ताकीद होती. तो जेवत असताना, झोपलेला असताना त्याच्याजवळ कुणी फिरकायचं नाही. आम्ही भावंडं तेवढं पाळायचो.

आणि हेही मला कळतं की अनेकांसाठी तो कुत्रा म्हणजे घरात बोलायला असलेला एकमेव जीव असतो. आमच्याच रस्त्यावर एक आजोबा आहेत, कुत्र्यासाठी म्हणून दिवसातून दोनदा खाली उतरतात, नाहीतर उतरलेच नसते. अशा माणसाला आपल्या कुत्र्यावर चार लोकांनी प्रेम करावंसं वाटतं, यात वाईट काही नाही. सकाळच्या त्या माणसालाही कदाचित तेच वाटत असेल. पण त्याचा भार माझ्या तीन वर्षांच्या मुलीनं का उचलायचा?

भीती घालवायची म्हणता ना? ती कशी जाते ते मी बघितलंय. एक बाई आहेत, छोटं काळं कुत्रं आहे त्यांचं. आम्ही दिसलो की लांबूनच पट्टा मनगटाला गुंडाळतात, कडेला थांबतात, कुत्र्याला बसायला सांगतात. तो त्यांच्या हाताकडे बघत बसतो. आम्ही पुढे जातो. बस्स. ना "हाय कर", ना "किती गोड". पहिल्यांदा लेक माझ्या पायाआडून गेली. मग काही दिवसांनी हात धरून. मग एकदा पुढे गेल्यावर तिनं स्वतःहून वळून पाहिलं आणि मला विचारलं, "तो तिच्या हाताकडे का बघतो?" ज्या प्राण्याला घाबरतो त्याच्याबद्दल मूल प्रश्न विचारायला लागलं की अर्धं काम झालं. आज सकाळी त्या साहेबांनी तीस सेकंदांत ते सगळं धुवून टाकलं. पुढचा सगळा रस्ता ती माझ्या कडेवर होती आणि लांब कुठे भुंकणं ऐकू आलं तरी मान माझ्या गळ्यात खुपसत होती. म्हणून हा एवढा संताप आहे.

भटक्या कुत्र्यांचा विषय कृपया कमेंटमध्ये आणू नका. तो वेगळा आहे, मोठा आहे. मी पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला माणूस असलेल्या कुत्र्यांबद्दल बोलतेय. "तुम्हाला कुत्री आवडत नाहीत" असं लिहिणाऱ्यांनी वाघ्याचा परिच्छेद पुन्हा वाचावा.

आणि ज्यांच्याकडे खरंच पिल्लू आलंय, ज्यांना त्याला मुलांची सवय लावायची आहे, त्यांनी मला मेसेज करा, मनापासून सांगते. पिल्लाचे पहिले तीन महिने त्यासाठी फार मोलाचे असतात, हे मला माहीत आहे. लशींबद्दल आधी तुमच्या डॉक्टरांशी बोलून घ्या, मग ठरवून मोकळ्या जागी भेटू. माझी लेक एका टोकाला खेळेल, पिल्लू दुसऱ्या टोकाला बसून तिला बघेल, शांत बसलं की तुम्ही त्याला खाऊ द्या. जवळ यायचं की नाही ते त्या दोघांवर सोडू, पहिल्या दिवशी नाही आले तरी चालेल. पट्टा मात्र साधा आणा.