‘गुड न्यूज आहे वाटतं?’

पाचवा महिना चालूय. अकाउंट्सचं काम येतं, टॅली येतं, जीएसटीचे रिटर्न झोपेतही भरीन. पण नोकरी मागायला गेलं की साहेबांची नजर आधी ओढणीवर, मग पोटावर, मग बायोडाटावर. परवा अक्कलकोट रोडला एका टॉवेलच्या कारखान्यात गेले. उन्हात रिक्षातून उतरून, घामाघूम. साहेब हसून म्हणाले, “गुड न्यूज आहे वाटतं? मग ताई, आता आराम करायचा की!” आणि फाईल न उघडताच चहा मागवला. चहा घेतला मी, सोडते कशाला! आलं घातलेला होता, पित्त झालं ते वेगळंच.

बरं, लपवून जावं तर “आधी का नाही सांगितलं?” सांगून जावं तर “कळवतो हं.” आजवर एकाने कळवलं असेल तर शपथ.

सगळ्यांना वाटतं ही बया 26 आठवड्यांच्या पगारी रजेसाठीच आलीय. अहो, त्या रजेला बाळंतपणाच्या तारखेआधीच्या 12 महिन्यांत निदान 80 दिवस त्याच ठिकाणी काम झालेलं लागतं. कारखाना चालवणाऱ्या मालकाला एवढं ठाऊक नको?

घरी सासूबाई भाकरी थापता थापता म्हणतात, “कशाला दगदग, बाळ झाल्यावर बघ.” बाळ झाल्यावर हेच साहेब विचारणार, “बाळाला कोण सांभाळणार?” नवऱ्याला विचारलंय कधी कुणी? त्याला तर पेढे मागतात.

उद्या होटगी रोडला मुलाखत आहे. ढगळ कुर्ता इस्त्री करून ठेवलाय.