मूल्यमापनाला कोकणात येताय? मग एवढं ऐकाच

विधी स्वयंसेवक, म्हणजे गावात कायद्याची माहिती आणि मदत देणाऱ्या, बायकांच्या प्रशिक्षणाचं मूल्यमापन तुमच्याकडे आलंय म्हणता? अभिनंदन. मे महिन्यात या, आंबा असतो. पावसात नको, लावणीला लागलेल्या बाईला गाठायचं तर चिखलात उतरावं लागतं. आणि गणपतीत तर चुकूनही येऊ नका. मुंबईचे चाकरमानी भाऊ तेव्हा घरी असतात, बहिणी माहेरी असतात, आणि आरती आटोपली की माजघरात हक्कसोडपत्राचा विषय निघतो. "सही कर गो, तुका काय कमी आसा?" अशा वेळी प्रशिक्षण घेतलेली शेजारीण तोंड उघडते की मोदक वळत बसते, हे डोळ्यांनी दिसेल. एवढा पुरावा अहवालात मावत नाही.

तिला शिकवलेलं असतं सगळं. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्मानेच हिस्सा, हिंदू वारसा कायद्यातली 2005 ची दुरुस्ती, त्यासाठी वडील तेव्हा हयात असण्याची गरज नाही असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितलं, वगैरे. पण तिच्या स्वतःच्या माहेरच्या सातबाऱ्यावर तिचं नाव आहे का, हे मात्र विचारायचं नाही. पाहुण्याने असले प्रश्न विचारू नयेत. शिवाय आमच्याकडे पाच गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर आजोबा-पणजोबांसकट इतकी नावं असतात, की त्या गर्दीत एक बहीण शोधायची कोणी?

प्रश्नावली शेवटच्या दिवशी, जेवणानंतर वाटा. प्रमाणपत्रं टेबलावर दिसतील अशी ठेवा आणि एसटीची वेळ जवळ येऊ द्या. 'प्रशिक्षण कसं वाटलं?' याला सगळ्या जणी 'उत्कृष्ट' वर खूण करतील. डोनाल्ड कर्कपॅट्रिक नावाच्या अमेरिकन गृहस्थाने 1959 च्या सुमारास प्रशिक्षण तपासायच्या चार पायऱ्या सांगून ठेवल्या आहेत: आवडलं का, कळलं का, वागण्यात उतरलं का, त्यातून काही बदललं का. पहिल्या पायरीवर पंखा आहे. तिथेच बसा.

फारच आग्रह झाला तर दुसरी पायरी चढा, पण प्रश्न सालांचे काढा. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा कोणत्या वर्षाचा? 2005. शाब्बास. असं विचारू नका, की रात्री नवऱ्याने घराबाहेर काढलंय, शेवटची गाडी गेलीय, ठाण्यातला हवालदार म्हणतोय "घरातला घरातच मिटवा", तर तुम्ही काय कराल? घर तिच्या नावावर नसलं तरी त्यात राहायचा हक्क कायद्याने तिला आहे, आणि अर्ज दिल्यावर पहिली तारीख साधारण तीन दिवसांच्या आत लागायला हवी, हे एखादीला माहीत असायचं. मग तारीख प्रत्यक्षात कधी लागली याची चौकशी तुमच्या गळ्यात.

मोफत वकिलाचंही तसंच. 1987 च्या कायद्याप्रमाणे बाईला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तरी तिला उत्पन्नाच्या दाखल्यासाठी हेलपाटे घालायला कोणी लावलं का, आणि लावलं तेव्हा तुमची प्रशिक्षित ताई सोबत होती का, की तिनेच पाठवलं होतं, हे न शोधलेलं बरं.

यशाचा आकडा हवाच असतो, तर 'मिटवलेली प्रकरणं' मोजा. बाई मार खाऊन आली, चौघांत बसून समजूत घातली, परत नांदायला गेली: एक प्रकरण मिटलं. तीच बाई सहा महिन्यांनी पुन्हा आली तर तेही मोजा, दोन झाली. मुलाखती सरपंच, पोलीस पाटील आणि प्रशिक्षक यांच्या घ्या, ही मंडळी मोकळेपणाने बोलतात. पीडित बाईशी बोलायचंच असेल तर सासूला बाजूला बसवा. उत्तरं आटोपशीर येतात.

राहता राहिली 'गळती'. प्रशिक्षण घेतलेल्यांतल्या काही जणी पुढे काम सोडतात. यादी नीट पाहिलीत तर त्यात बहुतेक वेळा बोलक्या, धीट, खरोखर ठाण्यापर्यंत गेलेल्याच सापडतील. म्हणून यादी नीट पाहू नका. 'कौटुंबिक कारण' असा रकाना छापलेला असतोच, तिथे खूण करा. खोटं लिहिल्याचं पापही लागणार नाही: तक्रार सरपंचाच्या पुतण्यावर होती आणि काम सोडलेल्या ताईचा नवरा त्याच पुतण्याच्या होडीवर खलाशी आहे.