एकतीस काळविटं आणि वडगावचा कट्टा

"पोरांना तुरुंगच दाखवायचा तर हिंडलगा जवळ पडतो की. भुतरामहट्टीपर्यंत बस कशाला न्यायची?"

पिंट्या मास्तर हे बोलला आणि कट्टा पेटला. शेकोटी आधीच पेटलेली होती. बेळगावच्या आमच्या वडगावात रात्री यंत्रमाग थांबले की मगच एकमेकांचं बोलणं ऐकू येतं, म्हणून आमची भांडणं सगळी साडेनऊनंतरची. यंदाच्या सहलीत मुख्याध्यापकांनी भुतरामहट्टीचं राणी चन्नम्मा प्राणी संग्रहालय घातलं होतं आणि पिंट्याचा त्याला विरोध.

"२०२५ च्या नोव्हेंबरात काय झालं विसरलात? गुरुवारी आठ काळविटं गेली, शनिवारी एकदम वीस, पुढं आणखी तीन. मोजून ३८ होती, त्यातली ३१ संपली. रानातल्या जनावराला कुंपणात डांबल्यावर दुसरं काय होणार?"

"कुंपणानं मेली न्हवं ती," बाळू म्हणाला. बाळूच्या कंग्राळीत सहा म्हशी, त्यामुळं जनावरांवर तो बोलला की आम्ही जरा दबून असतो. "घटसर्प होता तो. थंडी पडायला लागली, गारठ्यात जनावर खचलं, रोगानं धरलं. आमच्या म्हशींना मृगाच्या आधी लस टोचून घेतो. त्यांनीबी टोचायची."

(माणसातला घटसर्प वेगळा. हा जनावरांचा, पाश्चुरेला नावाच्या जंतूचा. ताप चढतो, गळा सुजतो, श्वास अडकतो. कधी कधी एका दिवसात खेळ आटोपतो.)

"म्हैस दाव्याला उभी राहते गा," औषध दुकानातला सुऱ्या म्हणाला. "काळवीट राहतं काय? धरायला गेलास तर उधळतं. त्या धावपळीत अंग तापतं, स्नायू फाटायला लागतात, आणि लस टोचून सोडलेलं जनावर दोन दिवसांनी त्यानंच मरतं. गावठी डॉक्टरकी तिथं चालत नाही."

बाळू गप्प बसला, पण पटलं नव्हतं. मग मी मध्ये पडलो. मला दोघांचंही अर्धंच पटत होतं.

कझाकस्तानात सायगा नावाचं हरीण आहे, फुगऱ्या नाकाचं. २०१५ च्या मे महिन्यात तिथल्या माळावर तीन आठवड्यांत दोन लाखांहून जास्त सायगा मेली. जगातल्या निम्म्याहून जास्त. जंतू हाच, पाश्चुरेला. ना कुंपण, ना पिंजरा, नजर पोचेल तिथवर गवत. म्हणजे मास्तरांचा तुरुंग तिथं नव्हता.

"बघ!" बाळू उसळला.

"थांब. थंडीबी नव्हती. उलट त्या दिवसांत हवा नेहमीपेक्षा उबदार आणि दमट होती. जंतू आधीपासूनच त्यांच्या घशात बसलेला, काही न करता. हवा बदलली आणि तो उठला."

"मग दोघांचंही चुकलं म्हण की," पिंट्या.

तसंही नाही. सायगा तेव्हा वीणीसाठी हजारोंनी एका जागी जमलेली होती. मला यातलं खरं दुखणं तेच वाटतं. सायगा वर्षातून एकदा अशी गर्दी करतात. आपल्या काळविटांना मात्र बारा महिने त्याच कुंपणात, तीच तोंडं समोर ठेवून राहायचं. राणेबेन्नूरच्या काळवीट अभयारण्यात, मोकळ्या माळावर, कळपातलं एक आजारी पडलं तर बाकीची पुढं तरी सरकतील. इथं सरकायचं कुठं?

नाना एवढा वेळ नुसते काटक्या सरकवत होते. त्यांचे वडील तुरुंगात शिपाई होते, इथं नव्हे, लांब दुसऱ्या जिल्ह्यात. "माझे अण्णा सांगायचे," ते म्हणाले, "थंडीत बराकीत एक जण खोकला की आठवड्यात बराक खोकते. कैदी वळचणीतली पाखरं पोसायचे. गारठ्यात एखादं खाली पडलं की उचलून ओंजळीत धरायचे, पोळीचा चुरा भरवायचे. अण्णा त्यांच्यावर ओरडायचे. असं पडलेलं पाखरू हातात घेऊ नका म्हणून. आत काय शिरतंय ते दाराशीच बघायला लागतं, आत शिरल्यावर नाही."

पाखरांचा विषय निघाल्यावर सुऱ्याला नागपूरचं गोरेवाडा आठवलं. २०२४ च्या डिसेंबरात तिथल्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या गेले, बर्ड फ्लूनं. वाघाला पाखराचा रोग! जंगलातला वाघ कोंबडी खायला कुठं जातो? संशय खाण्यावरच गेला होता. पिंजऱ्यातल्याला ताटात येईल ते खावं लागतं, हे पिंट्यानं लगेच टिपलं आणि पुन्हा हिंडलग्यावर आला.

"बंदच करून टाका सगळी," तो म्हणाला.

"आणि उरलेली सात? हायवेला सोडायची काय रे?" नानांनी विचारलं.

याला कुणाकडं उत्तर नव्हतं. पिंट्याकडंही नव्हतं, पण त्यानं ते मान्य केलं नाही, शाळेच्या वेळापत्रकावर गाडी नेली.

साडेदहाला बाळू उठला. एवढ्या लवकर कधी उठत नाही, म्हणून सुऱ्यानं हटकलं.

"मंगळवारी नवी म्हैस आणलीय. परड्यात एकटीच बांधलीय, आतल्या गोठ्यात अजून घेतली नाही. पंधरा दिवस बघायचं, मग आत. थंडीत एकटी हंबरत बसते, तिला पोतं टाकून येतो."

"मग हेच तर आम्ही मघापासून सांगायलोय!" पिंट्या ओरडला.

"तू तुरुंग म्हणालास," बाळू म्हणाला आणि गाडीला किक मारली.