रुमाल टाका आणि गप्प बसा

गेम बनवायला काय लागतं असं विचारलं की लोक चांगला कॉम्प्युटर, कोडिंग, थोडीफार चित्रकला वगैरे सांगतात. मी सांगतो, चिकटपट्टी लागते. स्वतःच्या तोंडाला लावायला.

कारण गेम बनवणं हा त्यातल्या त्यात सोपा भाग. तो दुसऱ्याच्या हातात द्यायचा, शेजारी बसायचं आणि तो खेळत असताना अवाक्षर काढायचं नाही, हे खरं अवघड. याला प्लेटेस्टिंग म्हणतात आणि त्याचा पहिला नियम हाच: सांगायचं नाही, सुचवायचं नाही, खाकरायचंसुद्धा नाही. नियम बिनतोड आहे. उद्या नागपुरात कुणी माझा गेम उघडून बसला, तर "अहो, वर बघा ना वर" म्हणायला मी तिकडे जाणार नाही. मोठ्या कंपन्यांत गेम बनवणारे काचेपलीकडे बसून बघतात. आमच्या हॉलमध्ये आणि स्वयंपाकघरात काचच काय, दारही नाही.

मी पोटापाण्यासाठी गेम बनवत नाही. दिवसा विम्याचे क्लेम तपासतो, म्हणजे लोक खोटं बोलतायत का ते बघतो. रात्री जेवणं आटोपली की गोडो नावाचं गेम बनवायचं फुकट इंजिन उघडतो आणि 'रुमाल' या माझ्या गेमवर काम करतो. एसटी स्टँड, मे महिना, गाडी फलाटाला लागतेय. आपण गर्दीतून धावायचं, ट्रंका, वळकट्या आणि आंब्याच्या पेट्या ओलांडायच्या आणि उडी मारून खिडकीतून सीटवर रुमाल टाकायचा. रुमाल पडला की जागा आपली. हा कायदा कुठल्या पुस्तकात नाही, पण महाराष्ट्रात तो सातबाऱ्याइतका चालतो. जगभरच्या गेममध्ये लोक राजकन्या सोडवतात, ड्रॅगन मारतात. राजकन्येसाठी माझा जीव कधी कासावीस झाला नाही. खिडकीची सीट डोळ्यांदेखत जाते तेव्हा मात्र होतो.

पहिली खेळाडू आई. माझं एक ठाम मत असं की ज्या गेमला सूचना लिहाव्या लागतात तो गेम कच्चा. 1985 चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' आठवा. पडद्यावर सूचनेचा एक शब्द येत नाही. मारिओ डावीकडे उभा, तोंड उजवीकडे, उजवीकडे मोकळी जागा. कुठे जायचं ते कळलं. समोरून भुवया ताणून एक मशरूमसारखं ध्यान चालत येतं. त्याला धडकलं की मरतो, वरून उडी मारली की ते चिरडतं. हेही कळलं. मग प्रश्नचिन्हाच्या ठोकळ्यातून खरं मशरूम बाहेर पडतं, पाइपाला आपटून परत आपल्याकडेच येतं, आणि डोक्यावर विटा असल्यामुळे ते चुकवणंही सोपं जात नाही. म्हणजे ते खाल्लं की मोठं होता येतं, हे शिकवायचंच असं मारिओच्या कर्त्यानं, शिगेरू मियामोतोनं, ठरवून टाकलेलं. अर्ध्या मिनिटात अख्खं व्याकरण. याउलट हल्लीचे गेम पहिली वीस मिनिटं "पुढे जाण्यासाठी पुढे जा" असं सांगत बसतात.

तेव्हा माझ्याही गेममध्ये सूचना नाहीत. माणूस डावीकडे, एसटी उजवीकडे. आईनं चष्मा पुसला, पडदा नीट बघितला आणि विचारलं, "ही गाडी कुठली?"

मी गप्प.

"अरे, पाटी नाहीये गाडीला. कुठं जाते ही?"

मी खिडकीबाहेर बघितलं. आई जागची हलेना. समोर माणसं धावतायत, धपाधप रुमाल पडतायत, आणि हिचा माणूस शांत उभा. "भलत्याच गाडीत जागा धरून काय करू?" मग तिनं त्याला सावकाश मागे वळवलं आणि मी नुसती शोभेसाठी रंगवलेल्या 'चौकशी' खिडकीसमोर नेऊन उभं केलं. तिथे तो बराच वेळ उभा होता. उत्तराची वाट बघत.

त्या रात्री मी गाडीवर पाटी रंगवली: 'स्वारगेट–कराड'. गंमत म्हणजे तेव्हापासून ज्यानं ज्यानं गेम हातात घेतला तो न सांगता उजवीकडे धावतो. कराडला ज्यांचं कुणी नाही तेसुद्धा.

भाचा बारा वर्षांचा. त्याला पाटीबिटीचं काही नाही, त्यानं पहिली गाडी पकडली आणि विचारलं, "मामा, पैसे कुठे भरायचे?" त्याला सोनेरी रुमाल विकत घ्यायचा होता. म्हटलं, विकत काही नाही. "मग रोजचं बक्षीस?" तेही नाही. त्याचा चेहरा पडला. गेम या पिढीची सकाळी हजेरी घेतो, नाणी वाटतो, मग पेटी उघडायला सांगतो, आणि पेटीत काय निघेल ते नशिबावर. बेल्जियमनं 2018 मध्ये अशा विकतच्या पेट्यांना सरळ जुगार ठरवलं. माझं मत बेल्जियमसारखंच आहे, पण माझ्या मताला घरात बेल्जियमइतकी किंमत नाही. हजेरी लावायला मला ऑफिस पुरेसं आहे.

सासरे अख्खी नोकरी एसटीत वाहक होते. त्यांना मी गेम दाखवायला नको होता असं बायको म्हणते; मला ते मान्य नाही. त्यांनी बटणाला हातही लावला नाही. नुसतं बघितलं आणि म्हणाले, "जावईबापू, गाडी फलाटाला अशी आडवी लागत नाही. तोंड करून लागते."

म्हटलं, हो, पण आडवी लागली तर सगळ्या खिडक्या दिसतात.

"आणि हा माणूस स्वतःच्या दुप्पट उंच उडतोय. शिवाय हवेत असताना मागे वळतोय."

यावर माझ्याकडे तयार व्याख्यान होतं. मारिओ स्वतःच्या उंचीच्या कितीतरी पट उडतो आणि हवेत दिशा बदलतो. खऱ्या माणसासारखी उडी ठेवली तर अंगठ्याला वाटतं, आपण चिखलात खेळतोय. खरेपणा हा गेमचा गुण नव्हे. हाताला बरं वाटणं हा गुण. सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग यात कंडक्टर कुठाय?"

कंडक्टर नव्हता.

"कंडक्टर चढणार. रुमाल उचलणार. 'हा कुणाचा?' म्हणून विचारणार. मालक खाली असला की रुमाल खिडकीबाहेर!" हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत जी चमक आली ती मी लग्नातही बघितली नव्हती. आता शेवटच्या लेव्हलला खाकी कपड्यातला कंडक्टर सीटामागून सीटा तपासत येतो, आणि तो पोचायच्या आत आपण दारातून आत घुसून रुमालाशेजारी हजर व्हायचं असतं. गेममधली सर्वांत चांगली कल्पना ही, आणि ती न खेळणाऱ्या माणसाची.

आता बायको. इथे मला जरा सावकाश लिहायला हवं.

ती पहिल्यांदा आंब्याच्या पेटीला अडकून पडली तेव्हा म्हणाली, "मी दाबलं होतं." हे वाक्य जगातल्या प्रत्येक खेळाडूनं प्रत्येक भाषेत म्हटलेलं आहे. मी दाबलं होतं, त्यानं घेतलं नाही. मी कोड उघडून बघितला. तिनं दाबलं होतं, पण पाय फलाटाच्या कडेवरून सुटल्यानंतर. क्लेम तपासणारा माणूस म्हणून माझा निकाल स्वच्छ होता: दावा नामंजूर.

पण गेम बनवणाऱ्यांच्या जगात असा दावा मंजूर करायची पद्धत आहे. कड संपल्यावरही किंचित काळ उडी मारू द्यायची. त्याला कायोटी टाइम म्हणतात, रोडरनर नावाच्या पक्ष्यामागे पळत कड्याबाहेर जाऊनही क्षणभर हवेत टिकणाऱ्या त्या कार्टूनमधल्या कोल्ह्यावरून. 2018 साली आलेल्या 'सेलेस्ट'मध्ये ही सवलत सेकंदाचा दहावा भाग आहे. तो गेम जीवघेणा अवघड म्हणून प्रसिद्ध, आणि आतून इतका मायाळू! जमिनीला टेकायच्या जरा आधी बटण दाबलं तरी तो ते लक्षात ठेवतो आणि टेकल्याबरोबर उडी देतो. खेळणाऱ्याला वाटतं, आपण तयार झालो.

हे खोटं बोलणं फार जुनं आहे. टीव्हीपुढे बंदूक धरून बदकं मारायचा तो गेम खेळलात ना? त्या बंदुकीतून काहीही सुटत नसे. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा व्हायचा, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा आणि बंदूक तो उजेड टिपायची. गोळी टीव्हीच आपल्यावर झाडत होता. (तो हसणारा कुत्रा मात्र खरा होता. त्याला मी अजून माफ केलेलं नाही.) आणि 1978 चा 'स्पेस इनव्हेडर्स'! जसजसे शत्रू मरतात तसतसे उरलेले वेगानं येतात. ही काही कुणाची थोर योजना नव्हती. कमी शत्रू काढायचे म्हटल्यावर बिचाऱ्या प्रोसेसरचं काम हलकं व्हायचं आणि तो भराभर पळायचा. गेम बनवणाऱ्या तोमोहिरो निशिकादोनं ते तसंच राहू दिलं, आणि सगळं जग घाम पुसत खेळलं.

तर मी सवलत दिली. मग वाऱ्याचं प्रकरण निघालं. वाऱ्यानं रुमाल भरकटू शकतो, म्हणून टाकताना तो सीटवर पडायची शक्यता पडद्यावर दिसते. तिला नव्वद टक्के दिसले, तिनं टाकला, रुमाल दुसऱ्याच्या मांडीवर. "नव्वद टक्के म्हटलं होतंस तू!"

म्हटलं, दहा वेळांतून एकदा चुकणारच.

"मग ती एक वेळ माझीच का?"

'सिव्हिलायझेशन' हा गेम बनवणारा सिड मायरसारखा मातब्बर माणूस इथेच थकला. 2010 साली गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये त्यानं सांगितलं होतं की खेळाडूचं बळ शत्रूच्या तिप्पट असेल तर आपण हरलो हे त्याला पटतच नाही. आणि उलट, शत्रू तिप्पट असताना स्वतः जिंकला तर त्यात त्याला काहीच वावगं वाटत नाही. शेवटी त्यानं आकडेच खेळाडूच्या कलानं वाकवले. मीही वाकवले. पडद्यावर नव्वद दिसतात, आत सत्त्याण्णव आहेत.

"सोपा करतोयस," भाचा म्हणाला. करू दे. 'ग्रेडियस' घरच्या मशीनसाठी तयार करताना काझुहिसा हाशिमोतोला तो तपासण्यापुरताही पार करता येईना, म्हणून त्यानं स्वतःसाठी चोरवाट ठेवली: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. तीच पुढे 'काँट्रा'त आली आणि आम्हाला तीस जीव मिळाले. पाढे विसरलो, ही ओळ विसरलो नाही.

परवा तिसऱ्या मजल्यावरच्या काकू आल्या होत्या. बायकोनं त्यांच्यासमोर शेवटची लेव्हल काढली. कडेबाहेर पाय, तरी उडी. वाऱ्यात रुमाल, तरी सीटवर. कंडक्टर एक सीट लांब असताना ही शेजारी जाऊन बसली. काकूंनी टाळ्या वाजवल्या.

"काही नाही हो, टायमिंग लागतं," बायको म्हणाली. "त्याचं त्यालाच जमत नाही."

"मुलगी कुणाची!" सासरे म्हणाले.

मला खरंच जमत नाही, कारण माझ्या लॅपटॉपवर सवलत सेकंदाचा दहावा भागच आहे. तिच्या लॅपटॉपवर किती ठेवलीय ते इथे लिहित नाही. ती माझं सगळं लिखाण वाचते.