बेचाळीस डोकी

डोंगर दाखवणं हे गाइडचं काम, अशी आपली भाबडी समजूत असते. डोंगर कुठे पळून जातोय? तो दाखवायला माणूस कशाला लागतो? एका दिवसाच्या सहलीत गाइड मुख्यतः मोजतो. सकाळी जेवढी डोकी नेली तेवढी रात्री परत आणली की त्याचा दिवस सार्थकी लागला. मधल्या वेळात त्या डोक्यांनी डोंगर पाहिला, झोपा काढल्या की भांडणं केली, ही ज्याची त्याची खासगी बाब.

हा धंदा तसा जुना आहे. १८४१ साली थॉमस कुक नावाच्या इंग्रज गृहस्थांनी पाचेकशे लोकांना आगगाडीने लेस्टरहून लाफबरोला नेलं आणि त्याच दिवशी परत आणलं. भाडं जाऊन-येऊन एक शिलिंग. कशाला नेलं? तर दारूबंदीच्या सभेला. पुढे १८६३ मध्ये हेच कुकसाहेब मंडळींना घेऊन थेट स्वित्झर्लंडच्या डोंगरात पोचले. म्हणजे माणसं मोजून नेण्या-आणण्याच्या या प्रकाराची सुरुवात ‘दारू सोडा’ हे ऐकण्यापासून झाली. आमच्या बसच्या शेवटच्या बाकावरच्या चौकडीला हे कोणी सांगितलं नसावं.

डोंगरावरच्या सहली अंधारात का निघतात, हा प्रश्न पहाटे झोपमोड झालेल्या प्रत्येकाला पडतो. उत्तर माझ्या नवऱ्याकडे होतं. त्याच्याकडे कायम असतं. दिवस तापला की दरीतली हवा वर चढते, वर गेली की गार होते, तिच्यातल्या बाष्पाचे ढग होतात आणि दुपारपर्यंत शिखरावर पांघरूण पडतं. “म्हणून सकाळी लवकर पोचायचं. शास्त्र आहे ते,” त्याने मला बसथांब्यावर उभ्या-उभ्या सांगितलं. शास्त्र पटण्यासारखं होतं. फक्त शास्त्राला ‘ते कुटुंब’ माहीत नव्हतं.

प्रत्येक सहलीत ते कुटुंब असतं. सगळी बस भरलेली, इंजिन सुरू, गाइड पायरीवर उभा राहून फोनवर “कुठपर्यंत आलात?” विचारतोय आणि पलीकडून “हे काय, समोरच आहोत” असं उत्तर येतंय. समोर कुत्रं सोडून कोणी नाही. तासाभराने ते आले. धावत नाही, दमत नाही. बागेत फिरायला आल्यासारखे चालत आले. वर चढल्यावर त्यांच्यातल्या काकूंनी आम्हा सगळ्यांकडे एक नजर टाकली आणि म्हणाल्या, “अगंबाई, खिडकीची एकही शिल्लक नाही?”

मग पहिली मोजणी. गाइड पोरगेलासा होता. गळ्यात शिट्टी, हातात पिवळं निशाण, चेहऱ्यावर लग्नघरातल्या वधूपित्याची काळजी. तो बोट नाचवत पुढून मागे गेला, मागून पुढे आला आणि दोन्ही वेळा वेगळे आकडे आले. “ड्रायव्हर धरून की सोडून?” कोणीतरी विचारलं. “मांडीवरचं बाळ धरलं का?” दुसरीकडून आलं. “आणि तुम्ही स्वतः?” हा प्रश्न माझ्या नवऱ्याचा. तिसऱ्या फेरीत बेचाळीस जमले. गाइडने तळहातावर पेनाने ४२ लिहिलं आणि तेव्हापासून आम्हाला नावं उरली नाहीत.

शहर संपेपर्यंत माइक सुरू होता. उजवीकडे हे, डावीकडे ते. उजवीकडचं पाहायला सगळ्यांनी माना वळवेपर्यंत ते मागे पडलेलं असायचं. गाइडलाही त्याचं काही नव्हतं. पाठ केलेलं होतं, ते बसच्या वेगाशी जुळो न जुळो, तो ओळीने म्हणत होता. एकदा तर त्याने आम्हाला ‘समोर दिसणारी विस्तीर्ण दरी’ दाखवली तेव्हा समोर टोलनाका होता.

मग घाट लागला. आणि घाटाबरोबर गाडी लागली.

गाडी लागणं यावर कोणी बोलत नाही, पण डोंगरावरच्या सहलीचा हाच गाभा आहे. नवऱ्याचं म्हणणं, कानाच्या आत तोल सांभाळणारं एक यंत्र असतं. ते मेंदूला कळवतं, आपण वळतोय, हेलकावतोय, जोरात हलतोय. डोळे मात्र हातातल्या फोनकडे, ते कळवतात, छे, सगळं स्थिर आहे. दोन साक्षीदार उलटसुलट बोलायला लागले की मेंदू गोंधळतो आणि त्या गोंधळाचा निकाल पोटात लागतो. म्हणून फोनकडे बघू नये, पुढच्या सीटवर बसावं, लांब क्षितिजाकडे पाहावं. ड्रायव्हरला सहसा गाडी लागत नाही, कारण पुढचं वळण कधी येणार हे त्याला आधीच ठाऊक असतं. ही सगळी माहिती त्याने फोनवरून वाचून दाखवली. पाचव्या वळणावर तो पांढरा पडला. सहाव्या वळणावर त्याने फोन माझ्या हातात दिला, आणि लग्न झाल्यापासून प्रथमच त्याच्याकडे कशाचंही स्पष्टीकरण नव्हतं.

त्या सहा-सात वळणांत बसमधली सगळी उतरंड बदलली. खिडकीची जागा पकडून बसलेले लोक उदार झाले. मघाशी जागेवरून तंडणारे आता “तुम्ही बसा हो इथे, हवा येईल” म्हणत एकमेकांना आग्रह करू लागले. प्लॅस्टिकच्या पिशव्यांना मोल आलं. पर्समधून आलं, लवंग, गोळ्या, लिंबाची फोड असा अख्खा दवाखाना बाहेर पडला. उशिरा आलेल्या काकूंकडे सगळ्यात मोठा साठा निघाला आणि एका क्षणात त्यांना माफी मिळून गेली. कशाने खरंच बरं वाटतं, कोण जाणे; पण एक लवंग चघळायला मिळाली की आपल्यासाठी कोणीतरी काही करतंय एवढं समाधान मिळतं. शेवटच्या बाकावरची चौकडी सकाळपासून गाण्याच्या भेंड्या खेळत होती. ‘म’ अक्षरावर येऊन ती जी थांबली, ती घाट संपेपर्यंत तोंड उघडेना. तोंड उघडणं धोक्याचं होतं.

घाटाच्या डोक्यावर बस थांबली. “फक्त दहा मिनिटं,” गाइड म्हणाला. स्वच्छतागृह एक, त्याच्यापुढची रांग बेचाळिसांची. गणित कोणीही करावं. पाऊण तासाने बसमध्ये परत चढलो तेव्हा कानांना दडे बसलेले, आणि पिशवीतलं वेफर्सचं पाकीट उशीसारखं टम्म फुगलेलं. नवऱ्याचा रंग आता परत आला होता. “बाहेरचा दाब कमी झाला ना,” तो म्हणाला. “पाकिटातली हवा खालची, बाहेरची हवा वरची. कानाचंही तेच. आवंढा गिळ, जांभई दे, नळी उघडते.” पुढच्या सीटवरच्या काकांनी ते ऐकलं आणि मोठ्ठी जांभई दिली. जांभई सांसर्गिक असते. मिनिटभरात सगळी बस आ वासून बसली होती आणि गाइडला वाटलं, आपण कंटाळवाणं बोलतोय. तो दुखावून गप्प झाला. या सहलीतली ती सर्वांत शांत वीस मिनिटं.

बस जिथे संपते तिथून चालायचं होतं. “वीस मिनिटांत टोक,” गाइड म्हणाला. पाटीवर दोन किलोमीटर लिहिलं होतं आणि चढ होता तीनशे मीटरचा. इथे मी नवऱ्याला मुद्दाम बोलू दिलं, कारण अशा वेळी तो कामाला येतो. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक सोपा हिशेब घालून दिला आहे. सपाटीवर तासाला साधारण पाच किलोमीटर धरा आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास जोडा. “म्हणजे अंतराची चोवीस मिनिटं, चढाची तीस. एकूण चोपन्न,” तो म्हणाला. “आणि हे धडधाकट माणसाचं. न थांबता.” आमच्यात धडधाकट एकच होता, तो मांडीवरून उतरलेला पोरगा, आणि तो फक्त मागच्या दिशेने चालत होता. गाइडला हिशेब ऐकवला तर तो म्हणाला, “काका, ते स्कॉटलंडचं झालं.” नवरा त्या ‘काका’वरच अडकला. वर पोचेपर्यंत त्याने विषय सोडला नाही. “मी काय काका दिसतो?”

थंडी वाढत होती. वर जाताना दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी हवा गार होत जाते, हे मला सांगण्यात आलं. “मग माझा स्वेटर कुठाय?” मी विचारलं. तो बसच्या डिकीत होता, आणि डिकी हजार मीटर नाही तरी दोनशे मीटर खाली राहिली होती. वर ऊन मात्र चटका देणारं. डोंगरावर हवा विरळ, त्यामुळे अतिनील किरण जास्त पोचतात. माणूस एकाच वेळी कुडकुडतो आणि भाजून निघतो. गारठलेल्या नाकाची साल निघू शकते हे मला तोवर माहीत नव्हतं.

आणि मग टोक आलं. टोकावर लोखंडी कठडा होता, कठड्यावर समोरच्या शिखरांची नावं कोरलेला पत्रा होता, आणि पत्र्यापलीकडे पांढरं होतं. नुसतं पांढरं. धुतलेली चादर डोळ्यांवर धरावी तसं. त्या कुटुंबाचा तास, रांगेचा पाऊण तास आणि नेस्मिथची चोपन्न मिनिटं यांनी मिळून आम्हाला बरोब्बर ढगांच्या वेळेवर आणून पोचवलं होतं.

इथे मात्र मी त्या पोराला मानलं. तो जराही डगमगला नाही. पिवळं निशाण उंचावून त्याने पांढऱ्यात बोट रोखलं. “हे समोर सर्वांत उंच शिखर. त्याच्या डावीकडे जरा बुटकं आहे ते दुसरं. खाली नदी चकाकतेय, बघा.” बेचाळीस माणसं ओळीने बघत होती. काकूंनी विचारलं, “ती झाडाच्या मागे का?” झाडही नव्हतं. तरी तो म्हणाला, “हो, बरोब्बर.” मग सगळ्यांनी त्या पांढऱ्यापुढे फोटो काढले. आता ते फोटो पाहून आम्ही कुठे होतो हे कोणी सांगू शकणार नाही. चुना दिलेल्या भिंतीपुढे उभं राहूनही तेच आले असते, आणि गाडी लागली नसती.

धुकं दाट झालं तशी गाइडची बोटं पुन्हा चालू लागली. एकेचाळीस. पुन्हा एकेचाळीस. त्याचा घसा सुकलेला दिसत होता. धुक्यात माणूस खरंच हरवू शकतो, त्यामुळे कोणी हसलं नाही. मला मात्र आइसलँडची गोष्ट आठवली. २०१२ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या एल्डग्याऊ या दरीत बसने आलेल्या पर्यटकांतली एक बाई हरवल्याचा गलबला झाला. शोधपथकं निघाली, सहप्रवासी मदतीला धावले, रात्री तीनपर्यंत शोध चालला. आणि मग उलगडा झाला, की त्या बाई मध्ये कपडे बदलून बसमध्ये परत आल्या होत्या आणि त्यांना कोणी ओळखलंच नव्हतं. हरवलेल्या बाईचं वर्णन त्यांनीही ऐकलं होतं, पण ते आपलं आहे हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. त्यामुळे त्याही इतरांबरोबर स्वतःला शोधत हिंडत होत्या.

मी आजूबाजूला नीट पाहिलं. शेवटी एका स्वेटरमधून दोन डोकी बाहेर आली; लग्न होऊन थोडेच दिवस झालेलं जोडपं होतं, त्यांना एकच मोजलं होतं. बेचाळीस. गाइडने तळहात पाहिला आणि इतका लांब श्वास सोडला की तेवढं धुकं हललं.

उतरतानाचा खरेदीचा थांबा सांगण्यासारखा नाही. सगळ्यांना एकाच दुकानात नेलं जातं, दुकानदार गाइडला नावाने ओळखतो, आणि डोंगराची आठवण म्हणून घेतलेल्या वस्तूवर दुसऱ्याच देशाचं नाव असतं. घाट उतरताना कान चढतानापेक्षा जास्त दुखले. अंधारात पुन्हा एक थांबा, पुन्हा “फक्त दहा मिनिटं”, शेजारी आमच्यासारख्याच चार-पाच बसगाड्या.

निघण्याआधी शेवटची मोजणी झाली. गाइड मागेपर्यंत गेला, परत आला, तळहात दिव्याखाली धरला. पुन्हा मागे गेला.

“त्रेचाळीस येतायत,” तो ड्रायव्हरला हळूच म्हणाला.

“मला धरलंस?”

“नाही.”

“मग चल की. कमी तर नाहीत ना?”

पण पोरगा प्रामाणिक. त्याने दिवे लावले आणि एकेका चेहऱ्यात डोकावत निघाला. आमच्या मागच्या सीटवर माकडटोपी घातलेले एक आजोबा गाढ झोपले होते. काकूंनी त्यांच्या अंगावर आपली शाल घातली होती आणि घाटात लवंगही दिली होती म्हणे. त्यांना हलवून उठवलं. त्यांनी बसभर नजर फिरवली, पिवळं निशाण पाहिलं, आणि जरा जरबेनेच विचारलं, “आमचं निशाण लाल होतं ना? तो मुलगा बदलला का?”

बाहेर दुसऱ्या एका बसच्या दारात लाल निशाणवाला कधीचा बोटं मोजत उभा होता. आजोबा शाल अंगावरून काढायला तयार नव्हते. “राहू दे हो,” काकू म्हणाल्या, “आपल्यातलेच आहेत.”